साँडर्स, सिसिली

साँडर्स, डेम सिसिली मेरी स्ट्रोड : (२२ जून १९१८ – १४ जुलै २००५). कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांच्या शुश्रूषेस शास्त्रीय बैठक प्राप्त करून देणाऱ्या इंग्रज परिचारिका, रुग्णालयीन समाजसेविका, वैद्य व संशोधिका. लंडन येथील सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस या संस्थेच्या संस्थापक आणि आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रवर्तक म्हणून त्या ओळखल्या जातात. असाध्य कर्करोगातील वेदना मॉर्फिनाच्या नियमित मात्रांनी आटोक्यात ठेवता येते आणि तसे करताना रुग्ण गुंगीत राहत नाही किंवा व्यसनाधीन होत नाही, हे त्यांनी रुग्णांच्या पद्धतशीर नोंदींच्या आधारे दाखवून दिले. त्यांची प्रसिद्धी वैद्य म्हणून झाली असली, तरी ज्या निरीक्षणावर हे सर्व कार्य उभे राहिले ते त्यांनी परिचारिका म्हणून खाटेशेजारी केलेले होते.

त्यांचा जन्म हार्टफर्डशरमधील बार्नेट येथे एका सधन कुटुंबात झाला. वडील गॉर्डन साँडर्स हे स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांतील यशस्वी व्यावसायिक होते. ब्रायटनजवळील रोडीन या निवासी विद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर सिसिली १९३८ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान व अर्थशास्त्र यांच्या अभ्यासास त्यांनी प्रारंभ केला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांना हा अभ्यास अप्रस्तुत वाटू लागला. घरच्यांची विशेष संमती नसतानाही त्यांनी तो अर्धवट सोडला व १९४० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये स्थापिलेल्या परिचारिका विद्यालयात प्रवेश घेतला (→ परिचर्या).

युद्धकाळातील हे शिक्षण खडतर होते. बाँबहल्ल्यांमुळे रुग्णालयाचे बरेच काम लंडनबाहेर हलविण्यात आले होते. प्रतिजैविके अद्याप सर्वत्र मिळत नव्हती आणि पुष्कळशा रुग्णांच्या बाबतीत काळजीपूर्वक शुश्रूषा हाच काय तो उपचार होता. अंथरुणाच्या वळ्या काढणे, रुग्णाची कूस बदलणे, तोंड स्वच्छ ठेवणे, वेळेवर पाणी पाजणे या साध्या गोष्टींनी किती फरक पडतो, हे त्यांनी याच काळात पाहिले. १९४४ मध्ये त्या नोंदणीकृत परिचारिका झाल्या. तथापि पूर्वीपासूनचे पाठीचे दुखणे बळावल्यामुळे रुग्ण उचलण्याचे काम त्यांना अशक्य झाले आणि मनापासून आवडलेला हा व्यवसाय त्यांना सोडावा लागला. ऑक्सफर्डला परत जाऊन त्यांनी पदवी मिळविली, सार्वजनिक व सामाजिक प्रशासनाची पदविका घेतली आणि १९४७ मध्ये त्या सेंट टॉमस रुग्णालयातच ‘आमनर’ म्हणून रुजू झाल्या. रुग्णाची सांपत्तिक स्थिती, घरची व्यवस्था व रुग्णालयातून गेल्यानंतरची सोय पाहणाऱ्या समाजसेविकेस त्या काळी हे नाव होते.

त्या काळातील कर्करुग्णांची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय साँडर्स यांच्या पुढील कार्याचे महत्त्व समजत नाही. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांची प्रगती होत होती. पण हे उपाय संपले की रुग्णालयाच्या दृष्टीने रुग्णही संपत असे. ‘आता करण्यासारखे काही नाही’ असे सांगून त्यास घरी पाठविण्यात येई. प्रत्यक्ष निदान रुग्णापासून लपविण्याचाच प्रघात होता. १९५२ मध्ये मेरी क्यूरी मेमोरियल व जिल्हा परिचारिकांची क्वीन्स इन्स्टिट्यूट या संस्थांनी घरी असलेल्या सात हजारांवर कर्करुग्णांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात वेदना, एकाकीपणा, अपुरे अन्न व दाटीची घरे यांचे विदारक चित्र दिसते. ही माहिती घरोघर जाणाऱ्या जिल्हा परिचारिकांनी गोळा केली होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मरणासन्न रुग्णांसाठी ख्रिस्ती धर्मसंस्थांनी चालविलेली काही शुश्रूषागृहे होती. परंतु तेथे माया असली, तरी संशोधन नव्हते आणि वैद्यकीय विद्यालयांचा त्यांच्याशी संबंधही नव्हता.

साँडर्स यांच्या आयुष्यास वळण देणारी घटना नोकरीच्या पहिल्याच वर्षी घडली. सेंट टॉमस रुग्णालयात त्यांची डेव्हिड तास्मा या रुग्णाशी ओळख झाली. वॉर्साहून आलेला हा सु. ४० वर्षांचा पोलिश ज्यू निर्वासित लंडनमध्ये उपाहारगृहात वाढप्याचे काम करी. त्याला शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग झाला होता. जवळचे नातलग कोणी नव्हते. रुग्णालयातून गेल्यानंतर तो पुन्हा कोसळला व त्यास आर्चवे रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे साँडर्स त्यास नियमितपणे भेटत. आपल्यासारख्यांना निवांतपणे मरता येईल अशी जागा कशी असावी, याबद्दल दोघांत बोलणे होई. गजबजलेल्या कक्षात त्याला औषधांपेक्षाही कोणी आपले ऐकून घ्यावे याची निकड अधिक होती, असे साँडर्स यांनी पुढे अनेकदा नमूद केले आहे. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी तास्मा मरण पावला. आपल्याजवळचे ५०० पौंड त्याने साँडर्स यांच्या नावे ठेवले होते व त्या जी वास्तू बांधतील तिच्यात आपण एक खिडकी होऊ, असे तो म्हणाला होता. ती वास्तू उभी राहण्यास त्यानंतर १९ वर्षे लागली.

तास्माच्या मृत्यूनंतर साँडर्स यांनी बेझवॉटर भागातील सेंट लूक्स या रुग्णालयात सायंकाळच्या वेळी स्वयंसेवी परिचारिका म्हणून काम सुरू केले. ही संस्था १८९३ मध्ये गरीब मरणासन्न रुग्णांसाठी स्थापन झाली होती. तेथे त्यांना एक अशी गोष्ट आढळली, की जी त्यांनी मोठ्या शिक्षणसंस्थेत कधीच पाहिली नव्हती. सामान्यतः रुग्णालयांमध्ये मॉर्फीन अंतःक्षेपणाने (सुईने टोचून) आणि रुग्णाने मागितल्यावरच देत. मागणीनंतरही आधीच्या मात्रेपासून ठरावीक तास उलटले आहेत की नाहीत, हे पाहिले जाई. परिणामी रुग्ण घड्याळाकडे डोळे लावून बसे; वेदना असह्य झाल्याशिवाय मागितले तर आपण भित्रे ठरू, या संकोचाने पुष्कळजण कण्हत राहत आणि औषध मिळेपर्यंत वेदनेबरोबर भीतीही शिगेस पोचलेली असे. सेंट लूक्समध्ये मात्र मॉर्फीन तोंडाने, ठरलेल्या वेळी, वेदना परत येण्याच्या आत देण्याची पद्धत होती. तेथील रुग्ण जागे असत, जेवत, भेटीस आलेल्यांशी बोलत.

या पद्धतीमागे कोणताही प्रबंध नव्हता. ती एका संस्थेतील परिचारिकांची वहिवाट होती व म्हणूनच बाहेरच्या वैद्यांना तिची गंधवार्ता नव्हती. साँडर्स यांचे वेगळेपण असे, की या वहिवाटीत एक सिद्धांत दडलेला आहे हे त्यांनी ओळखले. तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनाच्या द्रवाचा परिणाम सु. चार तास टिकतो. तेवढ्या अवधीने पुढील मात्रा दिली, तर रक्तातील औषधाची पातळी वेदनेला दडपण्याइतकी सतत राहते. उलट, वेदना पूर्ण उसळल्यावर औषध दिले, तर तिला मागे हटविण्यास मोठी मात्रा लागते, त्या मात्रेने रुग्ण गुंगतो आणि गुंगी उतरते तेव्हा वेदनाही परतलेली असते. म्हणजे मागणीनुसार औषध देण्याच्या ज्या रीतीत सावधगिरी आहे असे समजले जाई, तीच रुग्णाला गुंगी आणि यातना या दोन टोकांमध्ये हेलकावत ठेवीत होती.

हे निरीक्षण परिचारिकेच्या तोंडून कोणी गंभीरपणे घेणार नाही, याची जाणीव त्यांना लवकरच झाली. त्या ज्यांच्याबरोबर काम करीत त्या शस्त्रक्रियाविशारद नॉर्मन बॅरेट यांच्याकडे त्यांनी परिचारिका म्हणून मरणासन्न रुग्णांकडे परतण्याचा विचार बोलून दाखविला. (अन्ननलिकेच्या एका विकृतीस बॅरेट यांचेच नाव दिलेले आहे.) मरणासन्नांना वाऱ्यावर सोडतात ते वैद्यच, वेदनेविषयी शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि वैद्य झाल्याशिवाय तुमचे कोणी ऐकणार नाही, असा स्पष्ट सल्ला बॅरेट यांनी दिला. या सल्ल्यात त्या काळच्या रुग्णालयातील श्रेणीव्यवस्थेवर नकळत केलेली टीकाही आहे. १९५१ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, साँडर्स यांनी सेंट टॉमस वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला आणि आपल्यापेक्षा कितीतरी लहान विद्यार्थ्यांबरोबर शिकून १९५७ मध्ये त्या वैद्य झाल्या. कर्करोगाने येणाऱ्या मृत्यूविषयीचा त्यांचा पहिला लेख १९५८ मध्ये विद्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी त्यांना सर हॅली स्ट्यूअर्ट विश्वस्त निधीची संशोधनवृत्ती मिळाली. सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयातील औषधिक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक हॅरल्ड स्ट्यूअर्ट यांच्या विभागात त्यांची नेमणूक झाली. प्रत्यक्ष काम मात्र पूर्व लंडनच्या हॅकनी भागातील सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये होते. आयर्लंडमधील ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ या जोगिणींच्या संघाने १९०५ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत गोरगरीब रुग्णांची मोठ्या ममतेने सेवा होई. पण रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी जवळजवळ नव्हत्या आणि मॉर्फीन इतरत्र देत तसेच, मागितल्यावर देत. साँडर्स यांनी प्रथम काही थोड्या रुग्णांना नियमित मात्रा सुरू केल्या. परिणाम इतका उघड होता, की जोगिणींना पटवून देण्यास निराळा युक्तिवाद करावा लागला नाही. पाहता पाहता सर्व कक्षांमध्ये ही पद्धत रूढ झाली.

सेंट जोसेफ्समधील १९५८ ते १९६५ हा सात वर्षांचा काळ साँडर्स यांच्या संशोधनाचा गाभा होय. प्रत्येक रुग्णाची वेदना कोठे, कशी व केव्हापासून आहे, कोणते औषध किती व कोणत्या मार्गाने दिले, त्याने किती वेळ आराम पडला, मात्रा केव्हा व का वाढवावी लागली, उलटी, बद्धकोष्ठ, श्वासास त्रास, निद्रानाश यांपैकी काय होते, या सर्वांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या व छिद्रित पत्रांच्या साहाय्याने त्यांचे वर्गीकरण केले. अशा सु. १,१०० रुग्णांच्या नोंदी जमा झाल्या. याखेरीज रुग्णांच्या संमतीने त्यांचे बोलणे त्यांनी ध्वनिफितीवर मुद्रित केले. मरणाच्या दारी असलेल्या माणसांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत जतन करण्याचा असा प्रयत्न वैद्यकात तोपर्यंत क्वचितच झाला होता. एका अर्थाने परिचारिकेच्या रात्रपाळीच्या नोंदवहीलाच त्यांनी संशोधनसाधनाचे रूप दिले.

या नोंदींचा मुख्य उपयोग दोन जुने ग्रह तपासण्यासाठी झाला. पहिला ग्रह व्यसनाविषयी होता : मॉर्फीन लवकर सुरू केल्यास रुग्ण त्याच्या आहारी जाईल. दुसरा सह्यतेविषयी, म्हणजे तोच परिणाम साधण्यासाठी सतत वाढती मात्रा लागेल व शेवटी, खरी गरज असेल तेव्हा, औषध निरुपयोगी ठरेल, असा होता. साँडर्स यांच्या नोंदींत निराळेच चित्र दिसले. नियमित मात्रा मिळणारे पुष्कळ रुग्ण आठवडेच नव्हे, तर महिनेही जवळपास त्याच मात्रेवर राहत. मात्रा वाढवावी लागे ती बहुधा रोग पसरल्यामुळे. वेदनेचे मूळ कारण अन्य उपायाने दूर झाले, तर औषध कमी करता येई. औषधासाठी तगमगणारा रुग्ण व्यसनी नसून त्याला पुरेसे औषध मिळालेले नसते, हा त्यांचा निष्कर्ष आज सामान्यज्ञान वाटतो. त्या काळी तो धाडसी होता. हे निष्कर्ष देखरेखीखाली असलेल्या, प्रगत कर्करोगाच्या रुग्णांविषयी होते, हेही सांगितले पाहिजे. पुढे १९९० नंतरच्या काळात अमेरिकेत साध्या दीर्घकालीन दुखण्यांसाठी अशा औषधांचा जो अनिर्बंध वापर झाला व त्यातून जी हानी झाली, तिला या संशोधनाचा आधार देता येत नाही.

१९५९ मध्ये साँडर्स यांनी ‘नर्सिंग टाइम्स’ या परिचारिकांच्या साप्ताहिकात मरणासन्नांच्या शुश्रूषेवर सहा लेख लिहिले. दयामरणाचा प्रश्न, रुग्णाला निदान सांगावे की नाही, वेदनेचे नियंत्रण, मानसिक क्लेश, कर्करुग्णाची परिचर्या व अखेरच्या घटका असे त्यांचे विषय होते. लेखांना मोठा प्रतिसाद मिळाला आणि ते पुस्तिकारूपानेही निघाले. वैद्य झाल्यावरही त्यांनी आपले पहिले विस्तृत विवेचन परिचारिकांपुढे मांडले, हे त्यांच्या भूमिकेशी सुसंगतच होते.

‘समग्र वेदना’ ही त्यांनी मांडलेली संकल्पना याच काळातील आहे. सेंट जोसेफ्समधील एका स्त्रीला साँडर्स यांनी तिच्या दुखण्याविषयी विचारले, तेव्हा तिने पाठीपासून आरंभ केला. पण बोलता बोलता आपले सगळेच बिघडले आहे, नवऱ्याला व मुलाला कामावरचे खाडे करून आपल्यापाशी थांबावे लागते, सारे जग आपल्या विरुद्ध आहे असे वाटते, अशा गोष्टी ती सांगत गेली. शरीराचे दुखणे, मनाची भीती, कुटुंबाची व पैशाची विवंचना आणि आयुष्याचा अर्थ काय हा प्रश्न ही चारही अंगे या एका उत्तरात आली होती. वेदनेच्या या अंगांपैकी एकावरच उपाय केला, तर बाकीची ते निष्फळ करू शकतात, असे साँडर्स यांचे म्हणणे होते. १९६४ पासून त्यांच्या लेखनात ही संज्ञा आढळते. परिचारिका, समाजसेविका व वैद्य या तिन्ही भूमिका स्वतः केलेल्या व्यक्तीलाच ही कल्पना सुचावी, यात नवल नाही.

स्वतंत्र संस्थेचा आराखडा साँडर्स यांनी १९५९ मध्येच तयार केला होता. उपचार, अध्यापन व संशोधन ही तिन्ही कामे एकाच छपराखाली चालावीत, ही त्यातील नवी गोष्ट होती. १९६१ मध्ये न्यासाची नोंदणी झाली, १९६५ मध्ये बांधकामास प्रारंभ झाला व २४ जुलै १९६७ रोजी राजकन्या अलेक्झांड्रा यांच्या हस्ते आग्नेय लंडनमधील सिडनम येथे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिसचे औपचारिक उद्‌घाटन झाले. संत ख्रिस्तोफर हा प्रवाशांचा रक्षक मानला जातो. ‘हॉस्पिस’ या शब्दाचा मूळ अर्थही यात्रेकरूंचे विश्रामस्थान असाच आहे. आपल्याकडील धर्मशाळेची कल्पना त्यास जवळची आहे. आरंभी ५४ खाटांची व्यवस्था होती. वृद्धांसाठी निवासाची वेगळी शाखा आणि तेथे काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी बालकमंदिरही त्याच आवारात होते. भेटीच्या वेळांचे निर्बंध सैल होते, खाटा बागेत नेता येत आणि रुग्णाच्या मृत्यूनंतर कुटुंबीयांशी संबंध ठेवला जाई. प्रवेशद्वारापाशी तास्माच्या स्मरणार्थ एक साधी काचेची खिडकी आहे.

सर्वच रुग्णांना संस्थेत ठेवणे शक्य नाही व पुष्कळांना ते नकोही असते, हे ओळखून १९६९ मध्ये गृहशुश्रूषा सुरू करण्यात आली. बार्बरा मॅकनल्टी या परिचारिकेकडे तिची सूत्रे होती. औषधाची मात्रा ठरविणे, घरच्या माणसांना ती देण्यास शिकविणे, अवेळी बोलावणे आल्यास जाणे अशी जबाबदारीची कामे परिचारिका करीत. घरोघर जाऊन कर्करुग्णांना साहाय्य करणाऱ्या मॅकमिलन परिचारिकांची योजना ब्रिटनमध्ये १९७५ पासून सुरू झाली, तिच्यामागे हा अनुभव होता. साँडर्स यांच्या कार्याचा सर्वांत दूरवर पोचलेला भाग कदाचित इमारतीबाहेरचा हाच होय.

संस्थेतील संशोधनाचे एक उदाहरण विशेष उल्लेखनीय आहे. ब्रिटनमध्ये मॉर्फिनाऐवजी डायामॉर्फीन म्हणजे हेरॉइन वापरण्याकडे अनेक वैद्यांचा कल होता. शासनाने १९५५ मध्ये त्याच्या निर्मितीवर बंदी घालण्याचे ठरविले असता वैद्यांच्या विरोधामुळे तो बेत सोडून द्यावा लागला होता. साँडर्स स्वतःही डायामॉर्फीन अधिक गुणकारी मानीत व सेंट क्रिस्टोफर्समध्ये तेच वापरीत. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्वायक्रॉस हे तरुण वैद्य तेथे संशोधक म्हणून आले. कोणत्या रुग्णास कोणते औषध मिळते आहे, हे रुग्ण व शुश्रूषा करणारे या दोघांनाही ठाऊक नसावे, अशा रीतीने त्यांनी दोन्ही औषधांची तुलनात्मक चाचणी घेतली. योग्य प्रमाणातील मात्रा तोंडाने व नियमित दिल्यास दोहोंत व्यवहारतः फरक आढळत नाही, असा तिचा निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्थापिकेच्या मताविरुद्ध गेलेला हा निष्कर्ष संस्थेने स्वीकारला व त्याच वर्षी तेथे तोंडाने देण्यासाठी मॉर्फीन वापरण्यास सुरुवात झाली. मद्य, कोकेन, क्लोरोफॉर्म-जल इ. घालून केलेले ‘ब्रॉम्प्टन मिश्रण’ही या सुमाराच्या अभ्यासांमुळे मागे पडले, मॉर्फिनाचा साधा द्रव तेच काम करतो, असे दिसून आले. अमेरिकेसह ज्या देशांत हेरॉइनला वैद्यकातही बंदी होती, त्यांच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा ठरला. हेरॉइनवाचूनही ही पद्धत चालू शकते, हे आता सिद्ध झाले होते.

मनोविकारतज्ञ कॉलिन मरी पार्क्स यांनी सेंट क्रिस्टोफर्समध्ये व आसपासच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या कर्करुग्णांच्या पतींच्या वा पत्नींच्या मुलाखती घेऊन दोन्ही ठिकाणच्या शुश्रूषेची तुलना केली. प्रारंभीच्या वर्षांत हॉस्पिसमधील रुग्णांच्या वेदना स्पष्टपणे कमी आढळल्या. दहा वर्षांनी पुन्हा पाहणी केली असता वेदनेच्या बाबतीतील अंतर बरेच कमी झालेले दिसले. कारण रुग्णालयांनी दरम्यान ही पद्धत आत्मसात केली होती. एखाद्या सुधारणेच्या यशाचा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो.

साँडर्स यांच्यावर टीकाही झाली. एका रुग्णावर इतका वेळ व पैसा खर्च करणारी, मुख्यतः देणग्यांवर चालणारी संस्था हा सर्वांसाठी कित्ता होऊ शकत नाही, असा एक आक्षेप होता. हॉस्पिसचा लाभ प्रामुख्याने कर्करुग्णांना मिळाला व हृदय, फुप्फुस किंवा मेंदूच्या विकारांनी मरणारे त्यापासून दीर्घकाळ वंचित राहिले, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साँडर्स या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. संस्थेत मात्र कोणत्याही धर्माच्या वा धर्म न मानणाऱ्या रुग्णास प्रवेश होता. दयामरणाला कायद्याची मान्यता देण्यास त्यांचा अखेरपर्यंत विरोध होता. वेदनेचे नीट शमन झाले व रुग्णास एकटे सोडले नाही, तर मरण मागण्याची पाळी बहुतेकांवर येत नाही, असे त्या म्हणत. अशी मागणी काही रुग्ण उत्तम शुश्रूषा मिळूनही करतात, हे प्रतिपक्षाचे उत्तर. आणि हा वाद मिटलेला नाही.

चळवळीचा प्रसार प्रथम अटलांटिकपलीकडे झाला. १९६३ मध्ये साँडर्स यांनी अमेरिकेचा दौरा केला. येल विद्यापीठातील त्यांच्या व्याख्यानाने प्रभावित होऊन तेथील परिचर्या विद्यालयाच्या अधिष्ठाता फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी पुढे आपले पद सोडले, सेंट क्रिस्टोफर्समध्ये जाऊन काम पाहिले व कनेक्टिकट येथे अमेरिकेतील पहिल्या आधुनिक हॉस्पिसची उभारणी केली. १९७४ मध्ये तेथे गृहशुश्रूषेस प्रारंभ झाला. कॅनडातील शस्त्रक्रियाविशारद बॅल्फर माउंट यांनी माँट्रिऑलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात १९७५ मध्ये स्वतंत्र कक्ष काढला. फ्रेंच भाषेत ‘हॉस्पिस’ या शब्दाला अनाथालयाची छटा असल्यामुळे त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ (उपशामक शुश्रूषा) ही संज्ञा योजिली व तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगातील वेदनाशमनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत औषध तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि वेदनेच्या तीव्रतेनुसार पायरीपायरीने द्यावे असे म्हटले होते; सेंट लूक्समधील परिचारिकांची वहिवाट अशा रीतीने जागतिक नियम बनली. ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये उपशामक वैद्यकास वेगळ्या विशेष शाखेची मान्यता मिळाली (→ कर्करोग).

भारतातील पहिले हॉस्पिस ‘शांती अवेदना आश्रम’ (पुढे ‘सदन’) मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झाले. टाटा स्मारक रुग्णालयातील शस्त्रक्रियाविशारद एल्. जे. डिसोझा हे त्याचे संस्थापक होत. गोवा व दिल्ली येथे संस्थेच्या शाखा निघाल्या. पुण्यात १९९७ मध्ये सिप्ला उपशामक शुश्रूषा केंद्र स्थापन झाले. केरळमध्ये कालिकत येथे १९९३ पासून गृहशुश्रूषेवर भर देणारी चळवळ उभी राहिली. तिला ट्वायक्रॉस यांचे मार्गदर्शन लाभले. भारतात मुख्य अडचण होती ती मॉर्फिनाची. वैद्यकीय उपयोगासाठी अफू पिकवून जगाला पुरविणाऱ्या मोजक्या देशांत भारत मोडतो (→ अफू). तथापि गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ मध्ये आल्यानंतर अनेक परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालयांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले आणि देशातील त्याचा वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन नियम सुलभ व सर्व राज्यांसाठी समान करण्यात आले. दरम्यानच्या तीन दशकांत वैद्यांची एक अख्खी पिढी हे औषध न हाताळताच शिकून बाहेर पडली होती. त्यामुळे कायदा बदलला तरी मोठ्या शहरांबाहेरील कर्करुग्णाला मॉर्फीन मिळणे लगेच सोपे झाले नाही.

साँडर्स १९६७ ते १९८५ या काळात सेंट क्रिस्टोफर्सच्या वैद्यकीय संचालक व त्यानंतर २००० पर्यंत नियामक मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी संपादित केलेला ‘द मॅनेजमेंट ऑफ टर्मिनल डिझीज’ (१९७८) हा ग्रंथ आणि मेरी बेन्स यांच्यासह लिहिलेले ‘लिव्हिंग विथ डाइंग’ (१९८३) हे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांना टेंपल्टन पारितोषिक (१९८१) व ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ (१९८९) हे बहुमान मिळाले, तर संस्थेला २००१ मध्ये कॉनरॅड हिल्टन मानवसेवा पारितोषिक देण्यात आले. १९८० मध्ये, वयाच्या बासष्टीच्या सुमारास, त्यांनी पोलिश चित्रकार मार्यान बोहुश-शिश्को यांच्याशी विवाह केला. बोहुश-शिश्को त्यांच्याहून सतरा वर्षांनी मोठे होते व १९९५ मध्ये त्यांचे सेंट क्रिस्टोफर्समध्येच निधन झाले. साँडर्स यांना पुढे स्तनाचा कर्करोग झाला. त्याच संस्थेत, तेथील परिचारिकांच्या देखरेखीखाली, त्या मरण पावल्या.